होळ्ळाचं पाचवं उत्तर

मी टेस्टर. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हा माझा धंदा. घरी सासूबाई हेच काम फुकट करतात. तेव्हा श्रीकंठ होळ्ळाबद्दल मी चार चांगले शब्द लिहिले, तर ते निव्वळ नाइलाजाने लिहिले आहेत असं समजावं.

होळ्ळ मूळचा कुंदापूरचा. आजोबा पुरोहित, वडील पुरोहित, दोन्ही काका पुरोहित. हाच एक इंजिनियर होऊन घराण्याला बट्टा लावून बेंगळुरूला आला. येताना त्याने तिकडची एक खोड सोबत आणली. तिकडे 'अहो' आणि 'बाबा रे' यांच्या मधलं काहीतरी म्हणून 'मारायरे' म्हणतात. होळ्ळ ते सगळ्यांना म्हणायचा. कंपनीच्या मालकाला, पाणीवाल्याला, बंद पडलेल्या प्रिंटरला.

वय एक्केचाळीस. आमच्या बेंगळुरात या वयाचा इंजिनियर एक तर दहा जणांचा साहेब झालेला असतो, नाही तर नोकरी सोडून सेंद्रिय गूळ विकत असतो. होळ्ळाने यातलं काहीच केलं नाही. तो अजून स्वतःच्या हाताने कोड लिहायचा. चपला टेबलाखाली काढून, अनवाणी, एक पाय खुर्चीवर घेऊन. साहेब व्हा म्हणून त्याला दोनदा सांगून झालं होतं.

"नको, मारायरे," तो म्हणायचा. "माणसांना तेच तेच दहादा सांगावं लागतं. मशीनला एकदा सांगितलं की संपलं."

तेच तेच करण्याचा त्याला भयंकर तिटकारा. याचा उत्तम नमुना म्हणजे त्याच्या आईचा फोन. रोज संध्याकाळी सातला कुंदापूरहून फोन यायचा आणि अम्मा रोज तेच पाच प्रश्न विचारायची. दुपारी जेवलास का, तिकडे पाऊस आहे का, अंगात कणकण नाही ना, पगार झाला का, आणि कुठे एखादी मुलगी पाहिलीस का. वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर होळ्ळाने त्यावर तोडगा काढला. फोन उचलायचा आणि तिने तोंड उघडायच्या आत एका दमात म्हणून टाकायचं, "जेवलो, पाऊस नाही, कणकण नाही, पगार झाला, मुलगी नाही." पाऊस असला तर तेवढा शब्द बदलायचा. अम्माही कसलेली बाई. ती म्हणायची, "बरं, ठेवते." दोघांचाही वेळ वाचायचा. शेवटचा शब्द बदलायची वेळ काही आली नव्हती.

मला हे सगळं ठाऊक, कारण त्या वेळी बहुतेकदा मी समोर असायचे. ऑफिसच्या खाली एक दर्शिनी आहे, उभ्याने खायचं छोटं हॉटेल. तिथे 'बाय-टू' मागितली की एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी-अर्धी करून देतात. होळ्ळाला अख्खी कॉफी जास्त व्हायची आणि अर्धी कुणी विकत नाही. त्यामुळे रोज दुसऱ्या अर्ध्या पेल्यासाठी त्याला एक माणूस लागायचा. मी हाताशी असायचे. यापलीकडे आमच्या मैत्रीला काही पाया नव्हता.

आमची कंपनी लग्नं जुळवायची. नाव 'ओलग'. लग्नात वाजतं त्या सनई-डोलाला कानडीत ओलग म्हणतात. मालक उमापती हा माणूस मनाने चांगला, पण दोघांना भ्यायचा. एक त्याची आई, कामाक्षी अज्जी, जी रोज डबा घेऊन ऑफिसात यायची आणि डब्याबरोबर पंचांगही आणायची. दुसरा रक्षित. हा एकोणतिसाव्या वर्षी आमचा तंत्रप्रमुख झाला होता. बुटांत मोजे न घालणारा माणूस हुशार असतो असा उमापतीचा समज होता, त्याचं फळ म्हणजे रक्षित.

दुखणं असं होतं की आमचं ॲप भयंकर हळू चालायचं. मुलीने आपली स्थळं उघडली की पडद्यावर एक चक्र फिरायला लागायचं. फिरतंय, फिरतंय. तोवर मुलगी उठून भाजी फोडणीला टाकून यायची, तरी फिरतंय. शेवटी ती ॲप बंद करून कुणा मावशीला फोन लावायची आणि मावशी लग्न जमवायची. मावश्या आमच्या पोटावर पाय देत होत्या.

"एपीआय हळू आहे," रक्षित बैठकीत म्हणाला. एपीआय म्हणजे फोनने विचारायचं आणि सर्व्हरने उत्तर द्यायचं ती खिडकी. "आपल्या माणसांना झेपणारं काम नाही हे. बाहेरच्या कंपनीला देऊ. माझ्या ओळखीची आहे."

बाहेरची कंपनी महाग होती. उमापतीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात कोपऱ्यातून होळ्ळ बोलला. बैठकीत तो बोलतो हेच पुष्कळांना त्या दिवशी कळलं. "मी करतो, मारायरे. नवीन मशीनही नको."

उमापतीने त्याच्याकडे पाहिलं, मग रक्षितकडे पाहिलं, आणि दोघांना बरं वाटेल असा निकाल दिला. "आयुधपूजेपर्यंत करा. झालं तर उत्तम. नाही तर काम बाहेर जाईल, आणि होळ्ळ, मग तुम्हाला ठेवून मी करू काय? तुम्हीच सांगा."

आयुधपूजा, म्हणजे मराठीतली खंडेनवमी, महिन्यावर आली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी नुसता कोड लिहिणारा माणूस या गावात दुसरीकडे कुणी घेत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्याला गूळ विकावा लागला असता, आणि मधुमेहाच्या भीतीने तो कॉफीसुद्धा बिनसाखरेची प्यायचा.

"करणार काय आहात?" मी त्या संध्याकाळी बाय-टूवर विचारलं.

"पोथी बघून लग्न लावणारा भटजी पाहिलाय का तुम्ही, वेदा?"

"आमच्याच लग्नात होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत जेवण गार झालं. सासूबाई अजून काढतात."

"आपला सर्व्हर तसा आहे. मुलीचा फोन त्याला विचारतो, मी अमुक, मला शोभतील ती स्थळं दाखव, फोटो, उंची, नक्षत्र, गोत्र, नोकरी. हजारो मुली हाच प्रश्न विचारतात. आणि हा गाढव दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उभा राहतो. फोटो? फोटो म्हणजे काय बरं? उंची? ती आकड्यात लिहायची ना? एकेक पान उलटत बसतो. आमचे वडील पोथी उघडत नाहीत. एकदा वाचली, पाठ झाली. संकल्पात 'अमुक गोत्र, अमुक नाव' एवढीच जागा मोकळी ठेवायची, तिथे यजमानाचं नाव घालायचं, बाकी गाडी सुसाट. सर्व्हरला मी तेच शिकवणार. प्रश्न पहिल्यांदा आला की तिथल्या तिथे पाठ करायचा. पुन्हा आला की पोथी उघडायची नाही."

या प्रकाराला त्यांच्यात 'जस्ट इन टाइम' म्हणतात. आगाऊ काही करायचं नाही, गरज पडेल त्या क्षणी करायचं. मला ते आमच्या यजमानांच्या घरकामासारखं वाटलं. होळ्ळ म्हणाला, नाही, यात काम खरोखर होतं.

आणि झालंही. महिनाभर तो अनवाणी बसून होता. मी रोज त्याच्या कामात खोट काढायचे, तो निमूटपणे दुरुस्त करायचा. चक्र आधी निम्मं झालं, मग पाव. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी शेरा मारला, चोख आहे. मी हा शब्द सहसा वापरत नाही. अंगावर उठतो.

सगळे तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी रक्षित आला. "चांगलं आहे," तो म्हणाला, "पण डोळ्यांत भरत नाही. चक्र दिसताच कामा नये." होळ्ळाची नोकरी याच्या शेऱ्यावर टांगलेली. त्याने घरी जाऊन आणखी एक सुधारणा केली. प्रश्नातलं जे जे काही बदलत नाही ते सगळंच पाठांतरात पक्कं करून टाकायचं. सकाळी तो ती घेऊन आला.

"हे मी तपासलेलं नाही," मी म्हणाले. "मला दुपारपर्यंत वेळ द्या."

"साडेदहाला राहुकाळ लागतो," कामाक्षी अज्जी म्हणाली. "त्याच्या आत सुरू झालं पाहिजे."

मी उमापतीकडे पाहिलं. उमापतीने आईकडे पाहिलं. राहुकाळात सुरू केलेलं काम फसतं यावर बेंगळुरातल्या कुठल्याही संगणक कंपनीत दुमत नाही. न तपासता सुरू केलेलं काम फसतं, यावर मात्र चर्चा होऊ शकते. मी हात जोडले आणि बाजूला झाले.

पूजा थाटात झाली. लॅपटॉपना झेंडू, खुर्च्यांना हळदकुंकू. आमचे सर्व्हर नेमके कुठल्या देशात आहेत हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या वाटचं कुंकू वायफायच्या डब्याला लागलं. मग अज्जीने हात वर केला. "बोणी कोण करणार?"

दुकानात पहिलं गिऱ्हाईक हाताच्या गुणाचं लागतं, तसा नव्या मशीनलाही पहिला प्रश्न शुभ हाताचा हवा, असं तिचं म्हणणं. लग्नाचं काम, तेव्हा हात कन्येचा पाहिजे. ऑफिसात कन्या पुष्कळ होत्या, पण आमच्याच ॲपवर नाव घालायची एकीचीही तयारी नव्हती. सगळ्यांची आपापली सोय बाहेर झालेली होती. नाव असलेली अविवाहित बाई एकच निघाली. हिशेब खात्यातली वारिजा.

वारिजा एकोणचाळिशीची. बोलणं मोजकं, साड्या कडक इस्त्रीच्या, आणि पगाराच्या दिवशी कुणी चिडचिड केली की त्याच्याकडे नुसतं बघायची सवय. कंपनी नवी असताना ॲपवर माणसं कमी म्हणून उमापतीने ऑफिसातल्या झाडून सगळ्या अविवाहितांची नावं घातली होती. बाकीच्यांची लग्नं झाली, नावं निघाली. वारिजाचं राहिलं. होळ्ळाचंही राहिलं. ती यादी कुणी उघडून बघत नव्हतं, कारण बघायला गेलं की चक्र.

"अहो अज्जी, माझं वय काय, कन्या कसली?" वारिजा म्हणाली.

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग कन्या. वय कुणी विचारलं?"

वारिजाने फोन हातात घेतला. होळ्ळाने अनवाणीच उभं राहून काहीतरी चालू केलं आणि मान हलवली. तिने बोट ठेवलं. चक्र दिसलंच नाही. बोट उचलायच्या आत पडदा भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आलं का बरोबर?" होळ्ळाने विचारलं.

वारिजाने पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फोन पालथा करून छातीशी धरला. "बरोबर आलंय," ती म्हणाली.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्याचं मी पाहिलं. उदबत्तीचा धूर असेल म्हणून सोडून दिलं. खाली रस्त्यावर कोहळा फुटला, चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद वाटला, आणि राहुकाळ लागायच्या आत अख्खं कर्नाटक होळ्ळाच्या मशीनवर आलं.

पहिला फोन हुबळीहून आला. "मॅडम, मी मुलगी शोधतोय," एक पोरगा म्हणत होता. "तुम्ही मला बादलीवाला माणूस का दाखवताय?"

दुसरा दावणगेरेच्या एका आईचा. "माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे हो. हा बादलीवाला आम्हाला जावई म्हणून नको. पण केटरिंग करतो का? किती पानांपर्यंत घेतो?"

मग फोन थांबेनात. मी ॲप उघडलं. एका काल्पनिक मुलाच्या नावाने उघडलं, तीन काल्पनिक मुलींच्या नावाने उघडलं. सगळीकडे एकच यादी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सगळ्यात वर श्रीकंठ होळ्ळ, वय एक्केचाळीस. बहिणीच्या लग्नातला फोटो, कमरेला पंचा, उघडं अंग, हातात पायसाची बादली आणि चेहऱ्यावर आणखी वाढू का असा भाव. त्याच्या खाली शिरसीचे एक निवृत्त वनाधिकारी, विधुर. त्यांच्या खाली चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यातले एक मॅनेजर, तेही विधुर. बस्स. तरणी मुलं, तरण्या मुली, सगळ्यांच्या नशिबी हे तिघे.

शिरसीचे वनाधिकारी मात्र खुशीत होते. त्यांनी स्वतः फोन केला. "आज इतक्या लोकांनी माझं स्थळ पाहिलं! मी दुसरा फोटो पाठवू का? यात मिशी नीट आलेली नाही."

होळ्ळाने स्वतःचं खातं उघडलं. ॲपने त्याला वधू म्हणून तोच दाखवला.

"नकार द्या," मी म्हणाले. "सगोत्र आहे."

तो हसला नाही. त्याचा चेहरा बघून मलाही माझ्या विनोदाची लाज वाटली.

रक्षितने ती यादी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. पन्नास माणसांसमोर होळ्ळ उघड्या अंगाने, बादली घेऊन, भिंतभर उभा. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले.

"यात शोधायचं काय आहे?" रक्षित म्हणाला. "चूक असती तर कुठलंही नाव आलं असतं. नेमकं यांचंच कसं आलं? सार, हे मुद्दाम केलंय. कंपनीच्या मशीनवर स्वतःचं लग्न जमवायला निघालेत. या वयात माणूस काय करील सांगता येत नाही."

"मी नाही केलं, मारायरे," होळ्ळ म्हणाला. "कोडमध्ये माझं नाव कुठेच नाही. शोधून बघा."

शोधलं. नव्हतं.

"मग लपवलंय," रक्षित म्हणाला.

होळ्ळ हात लोंबते ठेवून उभा होता. नोकरी जाणार हे तर होतंच, पण आता ती अशी जाणार होती की, कोण तो होळ्ळ, तर तो बादलीवाला, ज्याने बायको मिळावी म्हणून अख्ख्या राज्याला वेठीला धरलं. बेंगळुरात अशी गोष्ट पसरायला दुपारचं जेवण पुरतं. मी पुढे होऊन म्हणाले, "मला तपासू दिलं नाहीत तुम्ही, सकाळीच सांगितलं होतं." पण माझा आवाज नेहमीच चढा असतो. त्याकडे लक्ष न द्यायची सगळ्यांना सवय.

उमापतीने कपाळ पुसलं. "होळ्ळ, कार्ड ठेवा इथे. जुनं ॲप परत लावू. संध्याकाळी बाहेरच्या कंपनीला बोलावतो."

होळ्ळाने गळ्यातलं कार्ड काढलं. पट्टा चष्म्यात अडकला. तो सोडवत असतानाच मागून वारिजा बोलली. तिच्या हातात प्रसादाचं ताट होतं, ते तिने खाली ठेवलं नव्हतं.

"ती यादी माझी आहे."

कुणाला काही कळेना.

"माझी आहे," ती म्हणाली. "सकाळी बोणीला माझ्या फोनवर हीच आली. पहिले होळ्ळ. मग ते मिशीवाले. मग कॉफीच्या मळ्यातले. मशीनने मला शोभतील ती स्थळं काढली, तीच आता सगळ्यांना दाखवतंय. यांनी स्वतःचं काही घातलेलं नाही."

"मग सकाळीच का नाही बोललात?" रक्षितने विचारलं. "सगळ्यांसमोर म्हणालात की बरोबर आलंय!"

वारिजाने त्याच्याकडे पगाराच्या दिवशी बघते तसं पाहिलं. "होळ्ळांनी विचारलं, बरोबर आलं का. मी यादी पाहिली. मला बरोबर वाटली, म्हणून बरोबर म्हटलं. खोटं सांगायला हवं होतं का?"

कुणाच्या तरी तोंडातले चुरमुरे तेवढे वाजले. मी या बाईबरोबर इतकी वर्षं काम केलं, आणि ती एवढी धीट आहे हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. माझ्यासारख्या बाईला हे शोभत नाही, पण आले.

आता होळ्ळाने काय करावं? कुठल्याही माणसाने काय केलं असतं? या गृहस्थाने कपाळावर हात मारला, "अमुक!" म्हणून ओरडला आणि अनवाणी धावत आपल्या टेबलाकडे गेला. वारिजा ताट घेऊन तिथेच उभी. मला त्याला चपलेने मारावंसं वाटलं. चपला टेबलाखालीच पडल्या होत्या, त्याच्याच.

घोटाळा काय होता, तो त्याने काम करता करताच कामाक्षी अज्जीला सांगितला. ती त्याच्या खुर्चीमागे पंचांग घेऊन उभी होती.

"अज्जी, पाठ करताना 'अमुक'ची जागा मोकळी सोडायची असते. काल जे बदलत नाही ते सगळं पक्कं करायच्या नादात मी तीही भरून टाकली. पहिला प्रश्न वारिजा मॅडमनी विचारला, म्हणून मशीनने त्यांचंच नाव पाठ केलं. त्यानंतर जो येईल त्याचा संकल्प त्यांच्याच नावाने. उत्तर बरोबरच होतं. ते फक्त एकाच माणसासाठी बरोबर होतं."

"म्हणजे बोणी चांगली झाली म्हणायची," अज्जी म्हणाली आणि पंचांग मिटलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. या वेळी उमापती माझ्याकडे वळून म्हणाला, "वेदाक्का, हवा तेवढा वेळ घ्या." मी घेतला. मुद्दाम घेतला. रक्षित ये-जा करत होता, त्याला दाराबाहेर उभं केलं. हुबळीच्या पोराला मुली दिसल्या, दावणगेरेच्या मुलीला मुलगे दिसले, आणि चक्र कुणालाच दिसलं नाही. शिरसीच्या वनाधिकाऱ्यांनी संध्याकाळी तक्रार केली की गर्दी एकदम कमी का झाली.

उमापतीने कार्ड परत दिलं. ॲपवर त्या दिवसाइतकी माणसं कधीच आली नव्हती. बादलीवाला आहे तरी कोण हे बघायला लोक लोकांना सांगून आत येत होते. हे उमापतीला कळलं होतं आणि त्यामुळे तो फार दिलदार झाला होता. रक्षितने माफी मागितली नाही. त्याने त्या रात्री इंटरनेटवर 'अपयशातून मी काय शिकलो' असा लेख टाकला. त्यात होळ्ळाचं नाव नव्हतं. अपयश मात्र होळ्ळाचंच होतं.

निघायच्या वेळेला होळ्ळ उठला. चपला घातल्या. ऑफिसात त्याला चपला घातलेला बघायची कुणाला सवय नव्हती. तो हिशेब खात्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ स्टेपलरकडे बघत राहिला.

"वारिजा मॅडम," तो शेवटी म्हणाला, "दुरुस्ती झाली. तुमच्या फोनवर एकदा बघाल का? तुमची यादी... म्हणजे पहिली तुमचीच होती, म्हणून."

"तुम्ही पाहिली नाहीत?"

"नाही, मारायरे. दुसऱ्याचं खातं उघडायचं नसतं."

वारिजाने फोन काढला. बोट ठेवलं. पडदा लगेच भरला. वेळ तिनेच घेतला.

"आलं का बरोबर?" होळ्ळाने विचारलं.

"बरोबर आलंय," ती म्हणाली. या वेळी फोन पालथा केला नाही. मला तो दिसत होता, मान जरा वाकवली असती तर वाचताही आला असता. पण मी वाचला नाही. एखादी गोष्ट न तपासता पास करायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

"बाय-टू?" होळ्ळाने विचारलं. माझ्याकडे न बघता. इतक्या वर्षांच्या अर्ध्या पेल्यांचं हे फळ. मीही निर्लज्जासारखी त्यांच्यामागे खाली गेले आणि शेजारच्या टेबलापाशी उभी राहून अख्खी कॉफी मागवली.

तो आपल्या अर्ध्या पेल्यात फुंकर घालत होता, ती आपल्या. तेवढ्यात सात वाजले आणि फोन आला. होळ्ळाने तो टेबलावर ठेवून स्पीकरचं बटण दाबलं, कारण हातात पेला होता, आणि सवयीने एका दमात सुरू झाला.

"जेवलो, पाऊस नाही, कणकण नाही, पगार झाला..."

आणि थांबला.

पलीकडे अम्मा 'बरं, ठेवते' म्हणायच्या तयारीत होती. तिचं 'बरं' निघूनही गेलं होतं. मग तिच्या लक्षात आलं. कितीतरी वर्षांनी तिला स्वतःच्या तोंडाने विचारावं लागलं. "अरे, पुढचं? श्रीकंठा? पाचवं काय?"

होळ्ळाने वारिजाकडे पाहिलं. वारिजा पेल्यात बघत होती, कानाच्या पाळ्या लाल. आणि अख्ख्या कर्नाटकाचे प्रश्न पाठ करून बसलेला हा माणूस, रोज ऐकलेला तो एवढासा प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उभा राहिला.